तीनशेच्या खाली कोणी नाही

कर्जफेडीचे गुण देणाऱ्या सिबिलमधली मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट कोणती म्हणाल, तर तिथे कर्ज बुडवून कोणी तीनशेच्या खाली जात नाही. शाळेत गणिताच्या पेपरात शून्य मिळण्याची सोय होती आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी तिचा लाभ घेतला. इथे तशी नामुष्की नाही. माणसाने घराचे हप्ते थकवले, गाडीचे थकवले, वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा आवाज बदलून ‘साहेब गावाला गेलेत’ असं स्वतःच सांगितलं, तरी त्याचे ३०० पक्के. दुसऱ्या टोकाला ९०० आहेत, आणि ९०० पैकी ९०० मिळवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे या पद्धतीत अगदी बुडव्या आणि अगदी सज्जन यांच्यात अंतर फक्त सहाशेचं. मला हा हिशेब माणुसकीचा वाटतो. बँकेतल्या साहेबाला तसा वाटत नसावा, कारण साडेसातशेच्या खालचा माणूस समोर बसला की त्याला एकदम दुसरं काम आठवतं.

पूर्वी हा आकडा बँकेच्या काचेपलीकडे राहायचा. आता तो मांडवात आला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी सगळीकडे गाजली. लग्न जवळजवळ ठरलेलं, घरं पसंत, मुलगा पसंत. आणि बोलणी शेवटाला आली असताना मुलीचे मामा म्हणाले की मुलाचं सिबिल एकदा बघू या. बघितलं. बऱ्याच कर्जांचा पसारा निघाला, आणि लग्न मोडलं. लोक हसले, पण मला त्या मामांचं कौतुक वाटलं. आपल्याकडे बोहल्यावर मामा भाचीच्या पाठीशी उभा राहतो तो काय नुसता फोटोत यायला? फक्त एक चुटपुट लागून राहिली. पत्रिकेत गुण छत्तीस, आणि सिबिलच्या रिपोर्टात प्रत्येक कर्जाचे महिनेही छत्तीसच दाखवतात. पण पत्रिकेत अठरा गुण जुळले की भटजी हात वर करून आशीर्वाद देतात. रिपोर्टात छत्तीसपैकी अठरा महिने बरे असले, तर त्या मुलाला पोरगी सोडाच, फ्रीजसुद्धा हप्त्याने मिळणार नाही. मंगळाला शांत आहे. हुकलेल्या हप्त्याला कसली शांत करायची, हे अजून कुठल्या गुरुजींनी सांगितलेलं नाही.

नोकरीचंही तेच. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेची बाजू उचलून धरली. निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक बँकेने रद्द केली होती, कारण त्याच्या जुन्या कर्जफेडीचा इतिहास धड नव्हता. लोकांचे पैसे सांभाळायला बसणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, असा निकालाचा सूर. बरोबरच असेल. पण हप्ते थकतात ते बहुतेक नोकरी नसताना, आणि थकले म्हणून नोकरी नाही म्हटलं की तो माणूस फिरून फिरून भोपळे चौकात. असो. न्यायालयासमोर आपण काय बोलणार.

मला या विषयाचं एवढं ज्ञान आमच्या दाजींमुळे झालं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, साताऱ्यात राहतात. माणूस इतका चोख की दूधवाल्याने महिनाअखेरीस बिल दिलं नाही तर यांना झोप लागत नाही. घरात एक लोखंडी कपाट फक्त पावत्यांचं. त्यात बंद पडलेल्या घड्याळाची गॅरंटी आहे, विकून टाकलेल्या स्कूटरचा विमा आहे, आणि जुन्या भाड्याच्या घराची वीजबिलं आहेत, ज्या घराच्या जागी आता अपार्टमेंट उभं आहे. ‘कागद बोलतो’ हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. त्यांच्या पंगतीला बसणारे बाकीचे लोक परमेश्वर, नशीब किंवा शरद पवार यांच्यावर विश्वास ठेवतात. दाजी फक्त पोचपावतीवर.

तर या दाजींनी छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं आणि त्यासाठी बँकेकडे थोडंसं कर्ज मागितलं. पैसे नव्हते असं नाही, पण व्याजदर कमी होता आणि सरकारी योजना हातची घालवू नये असं त्यांना नोकरीपासून वाटत आलेलं. शाखेतला मुलगा विशीतला, भला होता. त्याने संगणकात पाहिलं, परत पाहिलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

“काका, तुमच्यावर एक रिटन ऑफ दिसतंय.”

“म्हणजे चांगलं का वाईट?”

“वाईट, काका. एका क्रेडिट कार्डाचे पैसे तुम्ही भरलेले नाहीत. बँकेने ते बुडीत धरलेत.”

दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ताईच्या मते त्यांच्या आवाजात असा कंप त्यांच्या वडिलांच्या वेळीही आला नव्हता. “बाळ,” ते म्हणाले, “मी आयुष्यात कुणाचा एक पैसा बुडवलेला नाही.”

“हो काका, पण सिस्टिममध्ये आलंय.”

हे वाक्य आपल्या काळाची आकाशवाणी झालं आहे. पूर्वी कंसाला आकाशवाणी झाली तर तो निदान तलवार तरी उपसू शकत होता.

घडलं होतं ते असं. फार पूर्वी एका मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेल्या पोराने दाजींना आजन्म फुकट म्हणून एक क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं. दाजींनी ते कधीही वापरलं नाही. वर्षभराने पत्र आलं की वार्षिक शुल्क ४९९ रुपये. दाजींनी तत्काळ फोन केला, मग पत्र पाठवलं, तेही रजिस्टर पोस्टाने, की कार्ड बंद करा. पलीकडून ‘झालं सर’ असा गोड आवाज आला. आवाज बंद झाला, कार्ड झालं नाही. त्या ४९९ वर कर लागला, वेळेत भरले नाहीत म्हणून विलंबशुल्क लागलं, विलंबशुल्कावरही कर लागला, आणि या सगळ्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला ४२. पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. जिथे आता अपार्टमेंट आहे, तिथे. रक्कम सात हजारांच्या वर गेल्यावर बँकेने हात टेकले आणि दाजींना बुडीत खाती जमा केलं.

इथे मला दामदुपटीची आठवण येते. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, असा आपल्याकडचा जुना नियम. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनीसुद्धा हिंदू ऋणकोंपुरता तो मानला. दाजींनी त्या कार्डावर एक रुपयाही उचलला नव्हता. मुद्दल शून्य. शून्याची दामदुप्पट किती, हे पाटबंधारे खात्यातल्या कारकुनालाही तोंडी सांगता येतं.

मग दाजींनी रिपोर्ट मागवला. फुकट मिळतो, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ च्या जानेवारीपासून आहे. आपल्या तोंडी नाव सिबिलचंच, पण अशा संस्था देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल २००० साली इथे सुरू झाली, पण आता तिच्या मालकिणीचं घर शिकागोत आहे. इक्विफॅक्सचं अटलांटात, एक्स्पिरियनचं डब्लिनला आणि क्रिफचं इटलीत, बोलोन्याला. दाजी कोल्हापूरच्या पलीकडे कामाशिवाय कधी गेले नाहीत. त्यांनी चारही रिपोर्ट मागवले. चारही ठिकाणी ते बुडवे निघाले. अमेरिका, आयर्लंड, इटली. “गावात तरी कुणाला माहीत नाही ना?” एवढंच ताईने विचारलं.

रिपोर्ट वाचणं हा वेगळाच अनुभव. तिथे प्रत्येक कर्जापुढे महिन्यांची चौकट असते आणि प्रत्येक घरात हप्त्याला किती दिवस उशीर झाला तो आकडा. ज्या माणसाने सगळं वेळेवर भरलं, त्याच्यापुढे ओळीने ‘०००’. आयुष्यात पहिल्यांदाच मला असं गुणपत्रक दिसलं की ज्यात भोपळा मिळवणारा पहिला येतो. काही घरांत ‘एसटीडी’ लिहिलेलं असतं. आमच्या पिढीला एसटीडी म्हणजे पिवळी पाटी आणि रात्री दहानंतरची रांग. इथे त्याचा अर्थ खातं ठीक चाललंय असा. काही घरांत ‘एक्स एक्स एक्स’. ते पाहून दाजी दचकले होते. त्याचा अर्थ एवढाच की त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. म्हणजे बँकेचाही कधी गृहपाठ राहतो. पण बँकेपुढे बँकेचं सिबिल मागायला कोणी बसत नाही.

हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं अनुत्पादक होतं, ही त्यातली मोठी रेघ. पण आपण मराठी माणसं त्या मोठ्या रेघेला फार भितो आणि छोट्या रकमेला अजिबात भीत नाही. घराचा हप्ता चुकू नये म्हणून बायकोच्या बांगड्या मोडतील, आणि कार्डाचे १८३ रुपये राहिले तर ‘किरकोळ आहेत हो, पुढच्या वेळी बघू’. सिबिलला किरकोळ हा प्रकारच ठाऊक नाही. लाखाचा उशीर आणि दोनशेचा उशीर यांच्या घरात ते तसंच तीस लिहितं. त्यातही रिझर्व्ह बँकेने थोडी दया दाखवली आहे: कार्डाची तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत खातं थकीत म्हणून कळवायचं नाही. तीन दिवस. आमच्याकडे तीन दिवस पाहुणासुद्धा हसतमुख ठेवून घेतात, चौथ्या दिवसापासून ताटातलं तूप कमी होतं.

जामीन राहण्याचीही तीच तऱ्हा. ऑफिसातला जिवलग चहाच्या टेबलावर कागद पुढे सरकवतो, ‘नुसती सही रे, फॉर्मॅलिटी’. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम त्या सहीला फॉर्मॅलिटी समजत नाही. मूळ कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, असं ते म्हणतं. मित्राचं कर्ज तुमच्या रिपोर्टात येऊन बसतं, मित्राने हप्ते थांबवले की डाग तुमच्याही नावाला. आमचे आजोबा म्हणत, उसने दे, दान दे, पण जामीन राहू नको. त्यांनी करार कायदा वाचला नव्हता. त्यांचा एक मित्र होता, एवढंच.

आता बुडीत खात्याचं बघा. सामान्य माणसाला वाटतं, बँकेने बुडीत धरलं म्हणजे सोडून दिलं. तसं काही नसतं. ती बँकेची आपल्या वहीपुरती सोय. वसुली चालूच राहते आणि रिपोर्टात शेरा बसतो. तडजोडीचंही तेच. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी लाखाचं देणं साठ हजारांत मिटवलं आणि आळीत पेढे वाटले. दोन वर्षांनी दुसऱ्या बँकेत गेले तर तिथे कळलं की रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शेरा आहे, आणि त्याचा बँका घेतात तो अर्थ असा की या माणसाने चाळीस हजार दिलेले नाहीत. पेढे परत मागता येत नाहीत.

खरं बुडीत खातं आपल्याकडे एकाच माणसाने काढलं. देहूची परंपरा सांगते की दुष्काळानंतर तुकोबांनी घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाच्या वाटणीची त्याला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. पुढे त्याच इंद्रायणीत गाथाही बुडवावी लागली, ती वर आली. खतं वर आली नाहीत. सावकार म्हणून तुकोबांची सगळ्यांत मोठी करामत मला यातच दिसते. आजच्या बँकेचं बुडीत खातं नेमकं उलट: बुडवलं तरी सात वर्षं पाण्यावर तरंगत राहतं, कारण माहिती किमान सात वर्षं जपायची असा या संस्थांना नियम आहे. गंमत म्हणजे सावकाराने कोर्टात जायचं तर मुदतीचा कायदा साधारण तीनच वर्षं देतो. कायदा विसरतो, सिबिल विसरत नाही.

खतांपासून सुटण्याचा दुसरा मार्गही आपल्या लोकांनी करून पाहिलेला आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं, घरं गाठली आणि कर्जखतं, वह्या जाळल्या. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाला त्यात एक लक्षात येण्याजोगी गोष्ट दिसली: जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे लोकांनी सहसा त्याला हात लावला नाही. राग माणसावर कमी, वहीवर जास्त. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. आज कुणाच्या डोक्यात असा विचार आलाच तर अडचण अशी की वही सुप्याच्या बाजारात नाही. एक जाळावी तर आणखी तीन, आणि चौघींच्या चार नकला कुठल्या थंड खोलीत आहेत ते कुणाला माहीत.

शेतकऱ्याची गोष्ट मात्र थट्टेत सांगता येत नाही. अवकाळी पाऊस, पडलेला भाव, कर्जमाफीची घोषणा, माफीची वाट, माफीच्या यादीत नाव नाही. एवढं सगळं रिपोर्टात एकाच घरात बसवायचं असतं, आणि त्या घरात फक्त दिवसांचा आकडा मावतो. पीककर्जाला सिबिल लावू नका, असं राज्य सरकार बँकांना दरवर्षी बजावतं. २०२५ च्या खरिपाआधी तर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना गुन्हे दाखल करण्याचीच तंबी दिली. तरी शाखेतला साहेब पडदा स्वतःकडे वळवून एकदा बघतोच. त्याचा हात थरथरतो, कारण उद्या ते खातं थकलं तर विचारणा त्याला होणार असते. पावसाला कोणी विचारत नाही.

पण मी या यंत्रावर चिडलो आहे असं समजू नका. माझी एक आत्या होती, तिला आम्ही आक्का म्हणायचो. सिबिलच्या कितीतरी आधी आमच्या कुळातल्या साऱ्या देण्याघेण्याची नोंद तिच्याकडे होती. लग्नघराच्या दाराशी टेबल टाकून दोन माणसं आहेराची वही घेऊन बसत. नाव, गाव, रोख ५१, स्टीलचा डबा, पितळी समई, असं सगळं त्यात उतरे. ती वही लग्नानंतर माळ्यावर जाई. पण आक्काच्या डोक्यात तिची खरी प्रत राही. कुणाच्या घरचं निमंत्रण आलं की ती डोळे मिटून सांगायची, ‘त्यांनी आपल्या बेबीच्या लग्नात पातेलं दिलं होतं. झाकणाशिवाय.’ मग आपणही झाकणाशिवायच द्यायचं. झाकणासह दिलं तर समोरच्यावर झाकणाचं कर्ज चढतं, आणि ते तो कधी फेडेल याची टाचणी पुढची वीस वर्षं आक्काच्या मनात रुतून राही. उसनी दिलेली वाटीभर साखर परत येताना शीग लावून आली पाहिजे, सपाट आली तर तो उशीर नव्हे, पण डाग नक्की. शेजारणीचा डबा रिकामा परत करणं तर थेट अनुत्पादक खातं.

लक्षात घ्या, सिबिल सात वर्षं म्हणतं. आक्काची नोंद तीन पिढ्या मागे जायची. १९५० च्या सुमाराला कुणीतरी कुणाच्यातरी मौंजीत आहेर न करता जेवून गेलं होतं, त्यांच्या नातवाला आक्काने मुलगी दाखवू दिली नाही. त्या नातवाला आपल्या नावावर मौंज थकलेली आहे हे कधी कळलंही नाही. रिपोर्ट मागवायची सोय नव्हती. चूक असेल तर तक्रार कुठे करायची, तर आक्काकडेच. आणि तक्रार केली हीच दुसरी नोंद. शिवाय आक्का नुसती रक्कम बघत नसे. आडनाव बघायची, जात बघायची, गल्ली बघायची, बाई विधवा आहे का ते बघायची, आणि या सगळ्यांचं वजन करून माणसाचा आकडा ठरवायची, जो तीनशेच्या पुष्कळ खाली जाऊ शके. यंत्राला आडनाव कळत नाही असं निदान मला अजून वाटतं. त्याला तारीख कळते. ते मुकं आहे, बहिरंही आहे, दाजींचं रजिस्टर पोस्ट त्याला ऐकू आलं नाही हे खरं. पण त्याने दाजींची आई कोणत्या गावची, हे विचारलं नाही. आणि उशिरा का होईना हप्ते नियमित सुरू केले की ते हळूहळू आकडा वर चढवायला लागतं. आक्काकडे आकडा चढल्याचं उदाहरण आमच्या घराण्यात नाही.

आक्काच्या वहीतून सुटायचा एकच कायदेशीर मार्ग नंतर निघाला: पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापणं. त्या एका ओळीने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची जेवढी कर्जमुक्ती झाली तेवढी कुठल्या सरकारला जमली नसेल. आक्काला ती ओळ अखेरपर्यंत मान्य नव्हती. ‘म्हणजे आपण दिलेलं कधी परत यायचं?’ हा तिचा सवाल होता, आणि वसुली विभागाच्या दृष्टीने तो रास्तच आहे.

इकडे साताऱ्यात प्रकरण पुढे सरकलं होतं. दाजींचं कर्ज अडलं म्हणून शाखेतल्या मुलाने युक्ती सुचवली की काकूंच्या नावावर अर्ज करा. ताईला हर्ष झाला; आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या नावावर काहीतरी करा म्हणत होतं. तिने ओळखपत्रं दिली, सह्या केल्या. मुलाने पडद्यावर पाहिलं आणि पुन्हा खुर्ची पुढे ओढली. ताईचा आकडा आला उणे एक.

म्हणजे तीनशेच्या खाली कोणी जात नाही, हे खोटं ठरलं. एकटी आमची ताई गेली. कारण तिने उभ्या जन्मात कुणाकडूनही कर्ज घेतलेलं नव्हतं, आणि ज्याने कधी घेतलंच नाही त्याचा इतिहास नसतो, म्हणून तिथे उणे एक. भिशी चालवली, दाजींच्या पगारात तीन मुलं शिकवली, गॅस संपायच्या दिवशी डब्याच्या तळाशी नोट सापडेल अशी व्यवस्था चाळीस वर्षं ठेवली. त्यातलं काही शिकागोपर्यंत पोचलं नव्हतं. “पहिलं कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं सरकारने आता संसदेत सांगितलंय,” मी तिला फोनवर धीर दिला. “ते राहू दे रे,” ती म्हणाली, “पण यांचे पाचशेच्या वर आहेत आणि माझे उणे एक? मी काय बुडवलंय कुणाचं?” त्या दिवशी साताऱ्यात संध्याकाळची भाजी दाजींनी चिरली, असं कळतं.

मग दाजी कामाला लागले. कपाट उघडलं. रजिस्टर पोस्टाची पावती निघाली, पोचपावती निघाली, पत्राची कार्बन प्रत निघाली, आणि फोनवर बोललेल्या बाईंचं नाव व वेळ कॅलेंडरच्या मागे टिपलेली निघाली. त्यांनी रीतसर तक्रार केली. इथे त्यांना तो नियम सापडला, ज्याने त्यांचं निवृत्तीतलं आयुष्य उजळून निघालं. अशी तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या एप्रिलपासून हे लागू केलं आहे. दाजींनी नियम तीनदा वाचला. मग कालनिर्णयावर तक्रारीच्या तारखेला लाल गोल केला आणि तिसाव्या दिवसाला दुसरा.

पहिले काही दिवस ते रागात होते. मग त्यांचा राग ओसरत गेला आणि त्याच्या जागी एक वेगळीच सावध प्रसन्नता आली. ताई म्हणाली, रोज सकाळी चहा घेताना कॅलेंडरकडे बघतात आणि ‘अजून काही नाही’ असं समाधानाने म्हणतात. जो माणूस जन्मभर उशीर करणाऱ्यांना नावं ठेवत आला, तो समोरच्याने उशीर करावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. बँकेने सहा महिने लावले तर किती होतील, हे त्यांनी पावतीच्या मागे मांडून ठेवलं होतं; पॅनेलच्या दोन तीन हप्त्यांची बेगमी होत होती. मध्ये एकदा बँकेचा फोन आला, आणखी एक कागद हवाय म्हणून. दाजींनी तो त्याच दुपारी पाठवला, कारण आपल्या बाजूने उशीर त्यांना सोसत नाही. आणि पाठवल्यावर संध्याकाळभर हळहळत बसले.

मुदतीच्या आदल्या दिवशी मोबाइल वाजला. कार्ड बंद, येणं शून्य, शेरा काढून टाकला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. माहिती तेव्हा पंधरवड्याला कळवली जायची, त्यामुळे चारही संस्थांकडे दाजींचं नाव थोड्याच दिवसांत धुतल्या तांदळासारखं झालं. ताईने साखर वाटली. मी अभिनंदनाला फोन केला तर दाजी बराच वेळ गप्पच होते.

“एवढी सात वर्षं झोपले होते,” शेवटी ते म्हणाले, “आणखी चार दिवस झोपले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं?”